काळं कुठे लागतं ते बघ

माझ्याकडे रायफल आहे हे इथल्या गणपतीत कुणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कशाला रे?" आणि दुसरा, "हरणं मारतोस?" नाही मारत. मी कागद मारतो. शंभर यार्डांवर एक पांढरा कागद, त्यावर काळा गोल, त्याला भोकं पाडायची आणि मग दुर्बिणीतून ती भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली ते बघत बसायचं, एवढाच छंद. लोक शनिवारी पहाटे उठून गोल्फ खेळायला जातात, त्यांना नाही कुणी कशाला म्हणून विचारत.

आणि पेनसिल्वेनियात राहून हे तसं काही जगावेगळं नाही. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी कितीतरी शाळांना चक्क हरणाच्या शिकारीची सुट्टी. पूर्वी सीझन त्या सोमवारीच उघडायचा, २०१९ पासून शनिवारी उघडतो, पण सुट्टी बऱ्याच ठिकाणी तशीच राहिलीय, सुट्टी कोण सोडतंय. मी एच-वनवर होतो तोवर हा विषय डोक्यातही नव्हता कारण त्या व्हिसावर बंदूक बाळगणं सहसा कायद्यानेच बंद, शिकारीचं लायसन्स असलं तर सूट मिळते पण त्या भानगडीत कोण पडणार. ग्रीन कार्ड आलं, आणि साधारण त्याच सुमारास आमच्या प्लँटमधून रिटायर झालेल्या एका मशिनिस्टचं खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्याने त्याची रायफल विकायला काढली. रेमिंग्टन ७००, कॅलिबर थर्टी-ऑट-सिक्स, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. हे मॉडेल १९६२ मध्ये आलं आणि इतकं खपलं की इथल्या निम्म्या बेसमेंटमध्ये एखादी सापडेल असं लोक गमतीने म्हणतात. लांब बंदूक इथे दोघांनी आपापसात विकली तरी चालते, तरी मी दुकानात जाऊन रीतसर स्टेट पोलिसांच्या तपासणीतून घेतली. परक्या देशात आपले कागद जास्तच साफ असलेले बरे.

तर ती रायफल. दिसायला इतकी देखणी की बायकोसुद्धा म्हणाली, लाकूड काय सुंदर आहे रे. पण मारायची कशी, तर पहिल्या दोन गोळ्या एकमेकांना चिकटून आणि तिसरी दोन इंच वर डावीकडे, चौथी परत खाली, पाचवी आणि कुठेतरी. जानेवारीत नेम लावून ठेवला की जुलैत सगळंच सरकलेलं. सगळे नवशिके करतात तेच मी केलं, आधी काडतुसं बदलली, मग स्कोपचे, म्हणजे वरच्या नेमाच्या दुर्बिणीचे, स्क्रू आवळले, मग अख्खा स्कोपच बदलला, आणि हे सगळं करून झाल्यावर स्वतःला दोष दिला की बाबा तुलाच जमत नाही.

मग रेंजवरच्या एकाने खिशातून एक डॉलरची नोट काढली, बॅरल आणि दस्त्याच्या मधे सरकवली आणि मागे ओढत नेली. दस्त्याच्या पुढच्या टोकाशीच नोट अडकली. म्हणाला, लाकूड टेकतंय बॅरलला. आणि मला एकदम घरचं माजघराचं दार आठवलं. सावंतवाडीच्या जवळचं आमचं घर, तिथे आषाढात ते दार लागायचंच नाही, खांद्याने ढकलावं लागायचं, आणि दिवाळीनंतर तेच दार वाऱ्याने आपोआप आपटायचं. पिट्सबर्गच्या जुलैतली चिकचिक आमच्या पावसाळ्यापुढे काहीच नाही, पण लाकडाला तेवढीही पुरते.

यावरचा इलाज म्हणजे बेडिंग. ते काय असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. रायफलचा पोलादी भाग, म्हणजे बॅरल आणि त्यामागची ॲक्शन (काडतूस भरणारी, उडवणारी यंत्रणा), लाकडी दस्त्यात कोरलेल्या खोबणीत बसतो आणि खालून दोन स्क्रूंनी आवळलेला असतो. ॲक्शनच्या पुढे खाली एक जाड जीभ असते, रिकॉइल लग म्हणतात, गोळी सुटली की मागे येणारा सगळा धक्का ती लाकडावर देते. गोची अशी की कारखान्यात मशीनने कोरलेलं लाकूड आणि पोलाद कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि रेमिंग्टनची ॲक्शन तर खालून नळकांड्यासारखी गोल, ती थोडी डोलतेच. म्हणजे दर गोळीला ती किंचित वेगळी बसते. किंचित म्हणजे केसाएवढी, पण शंभर यार्डांवर त्या केसाचा इंच होतो. म्हणून तिथलं थोडं लाकूड कोरून काढायचं, त्यात पोलादाची भुकटी घातलेलं इपॉक्सी भरायचं आणि ॲक्शनला स्वतःचाच साचा त्यात उठवू द्यायचा. बायको डेंटल लॅबमध्ये काम करते, तिला हे समजावत होतो तर अर्ध्यावर थांबवून म्हणाली, "म्हणजे कवळीच की."

कवळीच. आणि कवळी नीट बसलीय की नाही हे जसं करून देणाऱ्याला नाही तर घालणाऱ्याला कळतं, तेही दोन दिवस जेवल्यावर, तसंच हे. काम सगळं आतलं. स्क्रू आवळले की वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

पहिला गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, मी जवळ आहे म्हणून निवडला. घरापासून बारा मिनिटं, मोठ्या दुकानाच्या मागच्या बाजूला त्याचं बेंच, नव्वद डॉलर, गुरुवारी घेऊन जा. मी रुबाबात सांगितलं की पुढे लाकूड बॅरलला टेकतंय तेही घासून टाक. त्याने एक प्रश्न विचारला नाही, हो म्हणाला. तेव्हा मला ते चांगलं लक्षण वाटलं. गुरुवारी रायफल मिळाली, ॲक्शनच्या काठाला चारी बाजूंनी एकसारखी चकचकीत काळी रेघ, फोटो काढून दोन ग्रुपवर टाकला, लोकांनी अंगठे दिले. शनिवारी रेंजवर गेलो आणि पाच गोळ्या तीन इंचांत. आधीपेक्षा वाईट. साफसफाईसाठी ॲक्शन बाहेर काढायला गेलो तर निघेना. रबराच्या हातोडीने ठोकून ठोकून काढली, आत बघतो तर लगच्या मागे, जिथे सगळा धक्का बसतो नेमक्या तिथे, हरभऱ्याएवढा पोकळ बुडबुडा. बाहेरची रेघ मात्र अजून चकचकीत. परत गेलो तर म्हणाला, रायफल जुनी आहे, बॅरल गेलंय तुझं. भांडलो नाही. थोडी लाज माझीच होती, घासून टाक म्हणणारा मीच.

दुसरा अगदी वरच्या क्लासचा. इकडे विल्यम्सपोर्टला १९६७ पासून हजार यार्डांवर बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून, मारणाऱ्यांचा क्लब आहे, तसल्या लोकांच्या रायफली बांधणारा माणूस. चौदा महिन्यांचं वेटिंग. फोनवर सरळ म्हणाला, तुझ्या रायफलच्या किमतीपेक्षा माझं बिल जास्त होईल, नको करूस. मला आवडला तो, पण काम झालं नाही. मधे आणखी एक भेटला, शेतावर राहणारा, म्हणे रोख दे आणि ठेवून जा, वहीबिही काही नाही. इथे धंदा म्हणून बंदूक दुरुस्त करायची तर केंद्राचं लायसन्स लागतं, आणि रायफल रात्रभर ठेवून घेतली की तिचा नंबर, तुमचं नाव, पत्ता वहीत चढवावाच लागतो. परत देताना नवी तपासणी नसते, ज्याची त्याला दिली की झालं. एवढं सोपं काम ज्याला नको, तो आत लाकडात काय करेल. गाडी वळवून आलो.

या सगळ्यात सहा-सात महिने गेले आणि मला राहून राहून आमच्याकडचा मेस्त, म्हणजे सुतार, आठवायला लागला.

आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती. सिंधुदुर्गात असे परवाने पुष्कळ, रानडुकरं आणि माकडं यांच्यापुढे दुसरा इलाज नाही. एका पावसाळ्यात आजोबा बांधावरून घसरले, बंदूक खाली, आजोबा वर, आणि दस्ता मुठीपाशी तडकला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. मेस्ताने शिसवीचा नवा दस्ता करायला घेतला आणि मी मे महिन्याची अख्खी सुट्टी त्याच्या पडवीत बसून काढली. वरचा आकार त्याने दोन दिवसांत काढला. मला वाटलं झालं. खरं काम त्यानंतर सुरू झालं. रॉकेलच्या चिमणीच्या काचेवरची काजळी तो बोटाने पुसून घ्यायचा, खोबरेल तेलाचा एक थेंब, आणि ते काळं लोखंडाला खालून चोपडायचा. मग लोखंड लाकडात अलगद ठेवायचं, वरून मुठीने एकच ठोका, आणि उचलायचं. लाकडावर जिथे काळा ठिपका उठला तिथलं पटाशीने कागदाएवढं खरवडायचं. परत काजळी, परत ठोका. दिवसातून शंभर वेळा तरी. मी कंटाळून म्हटलं, एकदाच जास्त कोरून टाका की. तर म्हणाला, "झिला, घाय केलंस तर लाकूड गेला. काळा खंय लागता ता बघ, थंयच खरवड, दुसरीकडे हात लाव नको."

शेवटी शेवटी लोखंड उचललं की सगळी खोबण एकसारखी काळी दिसायची. तेव्हा त्याने पहिल्यांदा बिडी पेटवली.

तिसरा गनस्मिथ बटलरच्या पुढे, स्वतःच्या घराच्या बेसमेंटमध्ये. वय सत्तरीचं. पिट्सबर्गमध्ये १९४९ पासून गनस्मिथांची एक शाळा आहे, तिथे शिकलेला. मुळात पेनसिल्वेनिया हा या कामाचा जुना मुलूखच, अठराव्या शतकात लँकेस्टरकडे येऊन राहिलेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी मेपलच्या लाकडाच्या लांब रायफली इथेच घडवल्या, पुढे त्यांना नाव मात्र केंटकीचं पडलं. आपल्याकडेही पिकवतो एक आणि पेठेला नाव दुसऱ्याचं, तसंच.

म्हाताऱ्याने रायफल हातात घ्यायच्या आधी मला स्टुलावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. तिसरी गोळी बाहेर जाते ती बॅरल गरम झाल्यावर की थंड असतानाही? वर जाते की बाजूला? उन्हाळ्यात जास्त की हिवाळ्यात? स्कोपचे स्क्रू कुणी आवळले, कशाने? काडतुसं एकाच खोक्यातली? ॲक्शन शेवटची कधी काढली होती आणि काढल्यावर नेम सरकला का? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. त्याने ते वहीत लिहून घेतलं, म्हणजे खरंच, समोर लिहिलं की याला माहीत नाही.

मग मी पुढच्या टोकाला लाकूड टेकत होतं ते सांगितलं, तर त्याने चष्मा वर केला. "ते कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. टोकाशी दोन उंचवटे, बॅरलला खालून आधार म्हणून. काही रायफली त्यावरच चांगल्या मारतात. आधी तसंच मारून बघायचं असतं, मग काढायचं. तू काढून टाकलंस?"

"मी नाही, त्याने काढलं. मी सांगितलं म्हणून."

"हं," म्हणाला. एवढंच.

मग त्याने बॅरलवर चुंबकाचा स्टँड लावला, त्याला डायल गेज, आणि गेजचं टोक दस्त्याच्या पुढच्या भागावर टेकवलं. म्हणाला, बघ आता, आणि मागचा स्क्रू हळूहळू सैल केला. काटा हलायला लागला. दोन थाऊ, चार, सहा, नऊ. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोनपर्यंत ठीक, नऊ म्हणजे स्क्रू आवळला की ॲक्शन चक्क वाकतेय. पहिल्याने इपॉक्सी ओलं असताना स्क्रू घट्ट पिळले होते, दस्ता वाकला, इपॉक्सी त्या वाकड्या स्थितीतच सुकलं, आता दर वेळी आवळलं की पोलाद लाकडाशी झटापट करतंय. मी कॉलेजात इंजिनिअरिंग केलंय, स्ट्रेस म्हणजे काय हे मला चार वर्षं शिकवलंय, पण तो काटा सरकताना पाहिला तेव्हा पोटात काहीतरी झालं.

आणि मग त्याने ड्रॉवरमधून एक डबी काढली. काळं. काजळीचंच, तेलात कालवलेलं, इथे विकत मिळतं. ब्रशने ॲक्शनला खालून लावलं, दस्त्यात ठेवली, वरून मुठीने एक ठोका, आणि उचलून माझ्यासमोर धरली. अख्ख्या खोबणीत काळं फक्त दोन ठिकाणी. मागच्या शेपटीपाशी एक ठिपका आणि डाव्या बाजूला नखाएवढी रेघ. बाकी सगळं कोरडं.

मला तिथे बोलताच येईना. त्याला वाटलं मी खर्चाच्या विचारात आहे, म्हणाला, अडीचशे होतील, जुनं सगळं उकरावं लागेल, तीन आठवडे. मी म्हटलं चार आठवडे घ्या. त्याने रजिस्टर काढलं, नंबर टिपला, लायसन्सवरचा पत्ता टिपला, आणि मला विचारलं, बघायला यायचंय का?

गेलो, दोन शनिवार. पहिल्याचं इपॉक्सी त्याने मशीनवर उकरून काढलं. स्क्रूंच्या भोकांत ॲल्युमिनिअमच्या नळ्या बसवल्या, म्हणजे आवळताना लाकूड चेपणार नाही, पोलाद थेट धातूवर टेकेल. ॲक्शनची सगळी भोकं, खाचा मुलांच्या खेळायच्या मातीने बुजवल्या, कारण इपॉक्सी एकदा त्या खाचेत शिरून आवळलं की ॲक्शन जन्माची अडकली (अडकलीच तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात, पोलाद आकसतं आणि सुटतं, हे त्याने असं सांगितलं की त्याचंही कधीतरी झालं असणार). लगच्या पुढे, बाजूला आणि खाली टेप लावली, मागची बाजू मोकळी. पहिल्याने हेच केलं नव्हतं. लग फक्त मागे टेकायला हवा, बाकी बाजूंना हवा हवी, नाहीतर काढता-घालता घासतो आणि नीट बसत नाही. मग सगळ्या पोलादाला बुटाचं पॉलिश, बिनरंगी, दोन हात, चिकटू नये म्हणून. इतक्या महागड्या हत्यारांच्या खोलीत शेवटी बुटाचं पॉलिश, मला हसूच आलं.

इपॉक्सी होड्या दुरुस्त करायचं. ते त्याने इतक्या सावकाश कालवलं की बुडबुडा येऊ नये म्हणून चमचा उचललासुद्धा नाही. भरलं, ॲक्शन ठेवली आणि स्क्रू पिळले नाहीत. बॅरलला पुढे टेपचे वेढे देऊन मधोमध टेकवलं होतं, मागे शेपटी आपल्या जागी, आणि वरून नुसती रबराची नळी गुंडाळली, स्वतःच्या वजनाने बसेल तेवढीच. म्हणाला, तिला जसं बसायचंय तसं बसू दे. आपल्याकडच्या जुन्या तलवारींत पात्याचं शेपूट पोकळ मुठीत लाख नाहीतर राळ वितळवून बसवायचे, ते मी त्याला सांगितलं, तर त्याने काम थांबवून लाख म्हणजे नेमकी कशाची होते ते विचारलं. झाडावरच्या किड्याची म्हटल्यावर फार खूश झाला. बाहेर आलेलं इपॉक्सी कापसाच्या बोळ्याने पुसत पुसत मला अर्धा तास तलवारींबद्दलच विचारत होता, मला जेवढं येत होतं ते दहा मिनिटांत संपलं.

काम झालं तेव्हा काठाची रेघ पहिल्याइतकी देखणी नव्हती, एका ठिकाणी जरा जाडसरच होती. त्याने काही न बोलता डायल गेज लावला आणि स्क्रू सैल केला. काटा एक थाऊच्या जरासा पुढे गेला आणि थांबला. मग डबी काढली, काळं लावलं, एक ठोका, उचललं.

सगळं काळं.

रेंजवर चमत्कार वगैरे झाला नाही. त्याच काडतुसांनी पाच गोळ्या सव्वा इंचात, कधी दीड. बेंचरेस्टवाले याला हसतील. पण फेब्रुवारीत लावलेला नेम ऑगस्टमध्ये तिथेच होता, आणि आता एखादी गोळी बाहेर गेली तर मला माहीत असतं की ती माझी आहे.

गेल्या महिन्यात बाबांना फोनवर हे सगळं सांगत होतो. आजोबांची बंदूक आता त्यांच्या नावावर आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, आपल्याही बंदुकीचो दस्तो हलता हल्ली. मी उत्साहाने म्हटलं, बाबा, सोपं आहे, आधी लोखंडाला काजळी लावून बघा कुठे टेकतंय.

"काजळी खंयसून आणू? घरात सगळे एलईडी."

"देवापुढची समई आहे ना?"

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बंदूक इलेक्शनसाठी पोलीस ठाण्यात जमा आसा. इली की बघूया."